सतरा नंबरचा नियम आणि टेकम्सेचे डॉक्टर

१९३१ साली कॅनडातल्या ओंटारियो प्रांताच्या पार दक्षिण टोकाला, डेट्रॉइटच्या पलीकडच्या काठावर, एका गावच्या डॉक्टरांनी फ्रेंच साप्ताहिक काढलं. मंदी ऐन भरात होती, मोटारींचे कारखाने माणसं घरी बसवत होते. मुळात वृत्तपत्र काढावं असा तो काळच नव्हता. त्यातून हे फ्रेंच वृत्तपत्र. ज्यांनी ते विकत घ्यायचं, त्यांतल्या पंचवीस-तिशीच्या पिढीला शाळेत फ्रेंच धड वाचायला शिकवलंच नव्हतं. सरकारी नियमानेच शिकवू दिलं नव्हतं.

डॉक्टरांचं नाव ग्युस्ताव्ह लाकास. साप्ताहिकाचं नाव ‘ला फय देराब्ल’, म्हणजे मेपलचं पान. डॉक्टर तेव्हा कॅनडाच्या सिनेटचे सदस्यही होते, पण लोकांच्या लेखी ते टेकम्से गावचे डॉक्टरच.

अल्पसंख्य भाषकांच्या चळवळींबद्दल लिहिताना आपण बहुधा मोर्चे, खटले आणि कायदे यांचीच गोष्ट सांगतो. हे प्रकरण त्यापुढचं आहे. अन्यायकारक नियम मागे घेतला गेला, लढाई कागदावर जिंकली गेली आणि तरीही भाषा हातातून निसटत राहिली, तेव्हा पुढे काय करायचं? शिवाय ते करायला वकील नाही, पुढारी नाही, पाद्री नाही, डॉक्टरच का उभा राहिला?

नदीकाठची अरुंद शेतं

डेट्रॉइट शहर फ्रेंचांनी १७०१ मध्ये वसवलं. १७४९ पासून नदीच्या दक्षिण काठावरही फ्रेंच शेतकऱ्यांना जमिनी मिळू लागल्या. आजच्या ओंटारियोत युरोपीय लोकांची सलग टिकलेली सर्वांत जुनी वस्ती ती हीच. १७६० मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे गेला. १७९६ मध्ये डेट्रॉइट अमेरिकेच्या ताब्यात गेलं आणि नदी ही दोन देशांमधली सरहद्द झाली. एकाच कुळातली माणसं दोन्ही काठांवर राहिली.

इथल्या शेतांची आखणी नीट पाहण्यासारखी आहे, कारण भाषा टिकण्याचं अर्धं कारण त्यात दडलेलं आहे. प्रत्येक शेत म्हणजे नदीपासून आत दूरवर गेलेली एक लांबलचक, अरुंद पट्टी. पाणी प्रत्येकाला हवं, म्हणून नदीकडची बाजू प्रत्येकाच्या वाट्याला थोडी थोडी. घरं मात्र सगळ्यांची नदीकाठच्या रस्त्यालगत. त्यामुळे शेतकरी आपापल्या शेतावर राहूनही एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहिले. इंग्रजी पद्धतीच्या चौकोनी शेतांत घर मध्यावर आणि शेजारी लांब. इथे दारात उभं राहून बोललेलं शेजारच्या घरात ऐकू जायचं, आणि ते बोलणं फ्रेंच असायचं. शाळा, चर्च, दुकान, सगळं त्याच एका रस्त्यावर.

एकोणिसाव्या शतकात दुसरी एक लाट आली. क्वेबेकमधली जमीन पुरेना, म्हणून तिथले शेतकरी सेंट क्लेअर सरोवराच्या काठी येऊन स्थिरावले. टेकम्से, बेल रिव्हर, स्टोनी पॉइंट ही त्यांची गावं. म्हणजे एसेक्स परगण्यात फ्रेंच बोलणारे दोन प्रकारचे झाले. एक दीड-दोनशे वर्षांपासूनचे, नदीकाठचे, इंग्रजांबरोबर राहायची सवय झालेले. दुसरे सरोवराकाठचे, क्वेबेकशी नाळ अजून जोडलेली असणारे, भाषेबद्दल जास्त हळवे आणि जास्त तिखट. बाहेरच्याला दोन्ही सारखेच दिसत. आपसांत मात्र दोघांना एकमेकांचं सगळंच पटत होतं असं नाही. पुढच्या भांडणात कोण किती ताठ उभा राहिला, हे ठरवण्यात या फरकाचा मोठा हात आहे.

लाकास यांचा जन्म १८९० चा, क्वेबेकमधल्या सँत-एलिझाबेत गावचा. म्हणजे ते उपरेच. डॉक्टर होऊन पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ते टेकम्सेला आले आणि तिथेच मुरले.

सतरा नंबरचा नियम

जून १९१२ मध्ये ओंटारियोच्या शिक्षण खात्याने एक परिपत्रक काढलं. इतिहासात ते ‘रेग्युलेशन १७’ म्हणून ओळखलं जातं. कलमं बरीच होती, पण गाभा सोपा: शाळेच्या पहिल्या दोन वर्षांपुरतंच फ्रेंच माध्यम चालेल, त्यापुढे सगळं शिक्षण इंग्रजीत. १९१३ मध्ये त्यात थोडी सवलत आली. ज्या शाळांत फ्रेंच आधीपासून होती, तिथे दिवसाला एक तास फ्रेंच हा विषय म्हणून शिकवता येईल.

दिवसाला एक तास म्हटलं की फार वाईट वाटत नाही. पण वर्गात काय होत असेल ते पाहा. सहा वर्षांचं पोर शाळेत येतं. घरात फ्रेंच, वर्गात फ्रेंच, अक्षरओळख फ्रेंच. वाक्य जुळवून वाचायला जेमतेम लागतं, तोवर दोन वर्षं संपतात. तिसऱ्या वर्षी गणित, भूगोल, इतिहास, सगळं एकदम इंग्रजीत. शिक्षिका बहुतेक वेळा त्याच गावची, तिचं स्वतःचं इंग्रजी कामापुरतं. पोराला फ्रेंच नीट लिहिता येत नाही, इंग्रजी कळत नाही, आणि बारा-तेराव्या वर्षी ते शेतावर किंवा कारखान्यात जातं. बोलायला भाषा पक्की, वाचायला कुठलीच नाही.

एक गोष्ट मान्य करायला हवी. नियमाच्या बाजूच्या लोकांचं सगळंच म्हणणं खोटं नव्हतं. एफ. डब्ल्यू. मर्चंट या शिक्षणाधिकाऱ्यांनी द्विभाषिक शाळांची पाहणी करून १९१२ मध्ये अहवाल दिला. अनेक शाळांत शिक्षक अपुऱ्या तयारीचे आहेत आणि मुलांचं इंग्रजी कच्चं राहतं, हे त्यात नोंदवलेलं होतं. ते खरंही होतं. पण शिक्षक कच्चे असतील तर त्यांना शिकवून तयार करायचं, हा सरळ उपाय सोडून खात्याने शिकवण्याची भाषाच छाटली. शिक्षक कच्चे ते कच्चेच राहिले.

ओटावातल्या फ्रेंच भाषकांनी जोरदार प्रतिकार केला. १९१० च्या जानेवारीतच सुमारे १,२०० प्रतिनिधींचं अधिवेशन भरवून त्यांनी शिक्षणासाठी संघटना उभी केली होती. १९१३ मध्ये ‘ल द्र्वा’ हे दैनिक सुरू झालं. १९१६ च्या जानेवारीत गिग शाळेत दिआन आणि बेआत्रिस देलोज या दोघी शिक्षिका बहिणींना अधिकाऱ्यांनी वर्गाबाहेर ठेवलं, तेव्हा गावातल्या आया शाळेभोवती पहारा देऊन बसल्या आणि टोपीला लावायच्या लांब पिना हातात घेऊन त्यांनी पोलिसांना अडवलं. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे ब्रिटिश साम्राज्याच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत गेलं. (टिळकांच्या ताई महाराज प्रकरणाचा निकाल आदल्याच वर्षी, १९१५ मध्ये, याच न्यायपीठाने दिला होता. तिथे टिळक जिंकले.) फ्रेंच कॅनेडियन मात्र नोव्हेंबर १९१६ मध्ये हरले. राज्यघटनेने कॅथलिक शाळांना दिलेलं संरक्षण धर्माचं आहे, भाषेचं नाही, असा तो निर्णय होता. कायद्याचं दार बंद झालं ते बराच काळ.

एसेक्समध्ये मात्र ओटावासारखं काही घडलं नाही. ओटावात फ्रेंच भाषकांच्या हाती शाळा समिती होती, संघटना होती, दैनिक होतं, आणि नदी ओलांडली की क्वेबेक होतं. एसेक्समधून नदी ओलांडली की डेट्रॉइट होतं. तिथे पगार चांगला होता आणि तो इंग्रजीत मिळत होता. अनेक आईबापांना पोराला इंग्रजी यावं असंच वाटत होतं. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. हातावर पोट असलेल्या माणसाला भाषेचा अभिमान आणि पोराची नोकरी यांतलं एक निवडायला लावलं, तर तो काय निवडणार?

बिशप आपल्याच धर्माचे

एसेक्सच्या फ्रेंच लोकांचं खरं दुखणं वेगळं होतं. त्यांचे बिशपच या नियमाच्या बाजूचे होते. मायकल फॅलन हे आयरिश वंशाचे कॅथलिक, १९१० ते १९३१ ओंटारियोतल्या लंडन शहराचे बिशप. एसेक्स त्यांच्याच अखत्यारीत. त्याआधी ओटावा विद्यापीठातल्या भाषेच्या वादात फ्रेंच धर्मगुरूंशी त्यांचं बिनसलं होतं आणि त्यांची बदली थेट अमेरिकेत बफेलोला झाली होती. त्याचा कडवटपणा त्यांच्या मनात राहिला, असं मानायला जागा आहे. पण त्यांच्या भूमिकेमागे केवळ आकस नव्हता. प्रोटेस्टंट बहुसंख्येच्या ओंटारियोत कॅथलिक शाळांचं अनुदान आधीच लोकांच्या डोळ्यात खुपत होतं. फ्रेंचच्या आग्रहापायी उद्या ते अनुदानच जाईल, अशी आयरिश कॅथलिकांना धास्ती होती.

या वादाचा स्फोट फोर्ड सिटीत झाला. फोर्ड कंपनीने १९०४ मध्ये नदीच्या या काठावर कारखाना काढला आणि त्याभोवती गाव उभं राहिलं. त्या गावात नोत्र-दाम-द्यू-लाक नावाचं फ्रेंच चर्च होतं. १९१७ च्या ऑगस्टमध्ये तिथले लोकप्रिय धर्मगुरू वारले. त्यांच्या जागी फॅलन यांनी लोरांदो नावाच्या धर्मगुरूंना नेमलं. ते फ्रेंच होते, पण बिशपच्या गोटातले. लोकांनी चर्चसमोर ठाण मांडलं, नव्या धर्मगुरूंना आत जाऊ देईनात. सप्टेंबरमध्ये पोलिसांच्या बंदोबस्तात त्यांना आत नेण्यात आलं आणि दंगल झाली. डोकी फुटली, धरपकड झाली, आणि पुढच्या रांगेत बायका होत्या. नंतर कित्येक महिने लोकांनी त्या धर्मगुरूंवर बहिष्कार टाकला आणि थेट रोमकडे दाद मागितली. रोमने अखेर बिशपच्याच बाजूने कौल दिला.

श्रद्धाळू माणसाच्या मनाला हे किती लागलं असेल! सरकारशी भांडता येतं. स्वतःच्या बिशपशी भांडायचं म्हणजे बाळाचा बाप्तिस्मा, मुलीचं लग्न, बापाचा अंत्यविधी, सगळं पणाला लावायचं. याचा परिणाम फार दूरवर झाला. कॅनडात इतरत्र फ्रेंच अल्पसंख्याकांचे पुढारी बहुधा गावचे धर्मगुरू असत. एसेक्समध्ये ती जागा मोकळी पडली. धर्मगुरू मनातून बरोबर असले, तरी उघड बोलले की बदली ठरलेली.

डॉक्टरच का

आता या परगण्यातली नावं पाहा. फोर्ड सिटीत भाषेच्या बाजूने उभे राहणारे दामियाँ सँ-पिएर: डॉक्टर. टेकम्सेचे पॉल प्वासाँ: डॉक्टर, १९२६ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाकडून प्रांतिक विधानसभेत. रेमंड मोराँ: डॉक्टर, त्याच पक्षाचे, ओटावाच्या संसदेत. लाकास: डॉक्टर, लिबरल. एवढ्याशा पट्टीत इतके डॉक्टर सार्वजनिक कामात, हा योगायोग नव्हे.

माझा तर्क साधा आहे. या गावात कोण कोणाच्या मुठीत होतं? धर्मगुरू बिशपच्या. शिक्षिका शाळा समितीच्या आणि खात्याच्या निरीक्षकांच्या. कामगार कारखान्याच्या फोरमनच्या. शेतकरी पिकाच्या आणि बँकेच्या. वकील कोर्टाच्या आणि इंग्रजी बोलणाऱ्या पक्षकारांच्या. डॉक्टर तेवढा कोणाच्याच मुठीत नव्हता. त्याची फी रोगी देत असे, आणि डॉक्टरचं भाषण पटलं नाही म्हणून कोणी ताप अंगावर काढत नाही. बिशपला त्याची बदली करता येत नव्हती. खात्याला त्याचा पगार कापता येत नव्हता.

दुसरं म्हणजे, खेड्यातला डॉक्टर घराच्या आत जातो. त्या काळी तर बाळंतपणं घरीच, दुखणीही घरीच. रोग्याशी बोलायचं ते त्याच्या भाषेत. कुठे दुखतं, कसं दुखतं, हे माणूस मायबोलीतच सांगतो. भाषेची अवस्था अशा डॉक्टरला शाळेच्या अहवालापेक्षा आधी समजणार. आजी फ्रेंच बोलते, आई फ्रेंच बोलते, थोरला मुलगा उत्तर इंग्रजीत देतो, धाकट्याला प्रश्नच कळत नाही, हे एकाच खोलीत उभं राहून दिसतं.

पण डॉक्टर म्हणजे भाषेचा कैवारी, असं समीकरण मांडायला जाऊ नये. त्याला छेद देणारं नाव याच परगण्यात आहे. डॉ. जोसेफ-ऑक्ताव्ह रेओम, नदीकाठच्या जुन्या फ्रेंच वस्तीतले. १९०२ पासून विधानसभेत आणि १९०५ पासून व्हिटनी यांच्या मंत्रिमंडळात सार्वजनिक बांधकाम मंत्री. सतरा नंबरचा नियम निघाला, तो याच मंत्रिमंडळाच्या कारकिर्दीत. आपल्या लोकांच्या मुलांची भाषा जात असताना ते मंत्रिपदावर होते. १९१४ च्या निवडणुकीत ते पडले. डॉक्टर स्वतंत्र असतो तो दवाखान्यापुरता. मंत्रिमंडळात शिरला की त्याच्याही मानेवर जोखड येतं. रेओम यांचं हे उदाहरण एसेक्समध्ये नंतर राजकारण करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरच्या डोळ्यांसमोर असणारच.

नियम गेला, मग?

१९२७ मध्ये हवा बदलली. मर्चंट (तेच ते), स्कॉट आणि कोते यांच्या आयोगाने नवा अहवाल दिला. सगळ्या शाळांना एकच साचा लावून चालणार नाही, प्रत्येक शाळेकडे तिच्या गरजेनुसार पाहा, असा त्याचा सूर होता. पंतप्रधान हॉवर्ड फर्ग्युसन (प्रांताच्या प्रमुखाला तिथे पंतप्रधानच म्हणत) यांनी तो स्वीकारला आणि नोव्हेंबरपासून नियमाची अंमलबजावणी थांबली. कागदावरून तो पुसला गेला १९४४ मध्ये. ओटावा विद्यापीठाच्या शिक्षक-प्रशिक्षण शाळेलाही मान्यता मिळाली.

ओटावात आनंदीआनंद झाला. एसेक्ससाठी हे वरातीमागून घोडं होतं. हिशेब मांडून पाहा. १९१२ मध्ये सहा वर्षांचं असलेलं मूल १९२७ मध्ये एकवीस वर्षांचं झालं. त्याची शाळा कधीच संपली. आता त्याने लग्न केलं, मूल झालं, तर त्या मुलाला घरी फ्रेंच अक्षरं कोण शिकवणार? शिक्षिका तरी कुठून आणायच्या? ज्या मुलींनी शिक्षिका व्हायचं, त्याही याच पंधरा वर्षांत शिकल्या होत्या. प्रशिक्षण शाळा ओटावात, म्हणजे इथून सुमारे साडेसातशे किलोमीटर. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

लाकास यांना सिनेटवर नेमलं ते दहा जानेवारी १९२८ रोजी, कॅनडाचे पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांच्या शिफारशीवरून. वय सदतीस. कॅनडाच्या सिनेटमध्ये निवडणूक नसते, आणि त्या काळी नेमणूक मरेपर्यंतची असे. भारतीय वाचकाला ही सोय लोकशाहीला शोभणारी वाटणार नाही, मलाही वाटत नाही. पण या प्रकरणात तिचा उपयोग झाला. रेओम यांच्या मानेवर जे जोखड होतं, ते लाकास यांच्या मानेवर आलं नाही. मतदार नाहीत, मंत्रिपद नाही, त्यामुळे गप्प बसण्याची सक्तीही नाही. दवाखान्याने दिलेलं स्वातंत्र्य सिनेटने काढून घेतलं नाही, उलट त्याला ओटावातलं व्यासपीठ दिलं. ‘द्वीपकल्पाचा सिंह’ असं टोपणनाव लोकांनी त्यांना दिलं ते बोलण्याच्या धाटणीवरून. दोन मोठ्या सरोवरांच्या मधल्या त्या भूभागाला तिकडे द्वीपकल्पच म्हणतात.

मग १९३१. बिशप फॅलन त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले. मंदीने विंडसर, म्हणजे डेट्रॉइटसमोरचं कॅनडातलं शहर, आणि त्याचा परिसर होरपळत होता, कारण सगळा प्रदेश मोटारीच्या एकाच धंद्यावर उभा होता. अशा वेळी हाती असलेला वेळ आणि पैसा कुठे घालायचा?

वाटा तीन होत्या. एक, लोकवर्गणीवर खासगी शाळा. पेम्ब्रोक गावात जान लाज्वा या शिक्षिकेने १९२३ मध्ये तसं करून दाखवलं होतं. पण शाळेला इमारत, शिक्षक आणि दरमहा पगार लागतो. मंदीत वर्गणी कोण देणार? दोन, पुन्हा कोर्ट. पण प्रिव्ही कौन्सिलचा निकाल डोक्यावर होता. तीन, वृत्तपत्र. त्याला छापखाना, कागद, जाहिराती आणि खमका संपादक पुरतो. आठवड्यातून एकदा ते घरात शिरतं. डॉक्टर सगळ्यांच्या घरी रोज जाऊ शकत नाही, साप्ताहिक जातं.

लाकास यांनी तिसरी वाट धरली. आधी त्या भागात फ्रेंच पत्रं निघाली होती. ‘ल प्रोग्रे’ एकोणिसाव्या शतकापासून चाललेलं, ‘ला देफांस’ फोर्ड सिटीच्या भांडणाच्या काळातलं. दोन्ही बंद पडली होती.

वाचता न येणाऱ्यांसाठी वृत्तपत्र

सुरुवातीला मांडलेला पेच इथे पुन्हा समोर येतो. वाचक कोण?

वरवर पाहिलं तर हे गणितच चुकलेलं वाटतं. चाळिशीच्या पुढच्यांना फ्रेंच वाचता येत होतं, ते आधीपासूनच आपले. पंचवीस-तिशीच्यांना येत नव्हतं, ते हाती येणार नाहीत. पण खेड्यातल्या घरात वृत्तपत्र कसं वाचलं जातं ते पाहिलं, की हा हिशेब थोडा बदलतो. एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, ही जुनी रीत. ज्याला बोलभाषा पक्की येते आणि अक्षरं अर्धवट ओळखीची आहेत, त्याला आपल्याच गावच्या लग्नाची, मयताची, मैदानावरच्या सामन्याची बातमी चाचपडत का होईना, वाचता येते, कारण त्यात काय लिहिलं असेल ते त्याला आधीच अर्धं माहीत असतं. ओटावाचा जाडजूड अग्रलेख त्याच्या वाट्याला जाणार नाही. स्थानिक साप्ताहिकाचं बळ नेमकं इथे असतं.

तरीही मला या निर्णयाची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. चर्चमधलं फ्रेंच बिशपच्या मर्जीवर होतं, शाळेतलं खात्याच्या. वृत्तपत्र हे एसेक्समधलं असं सार्वजनिक ठिकाण होतं, जिथे फ्रेंच कोणाच्याही परवानगीवाचून चालत होतं. दुकानदार त्यात फ्रेंचमध्ये जाहिरात देतो, म्हणजे या भाषेत गिऱ्हाईक आहे हे तो चार लोकांत मान्य करतो. नियमाने फ्रेंच सार्वजनिक जीवनातून उचलून घरात कोंडली होती. साप्ताहिकाने ती दर आठवड्याला रस्त्यावर आणली.

काय जमलं नाही, तेही सांगायला हवं. वृत्तपत्र शिक्षक तयार करू शकत नाही. अरुंद शेतांच्या पट्ट्या मोडून तिथे कामगार वस्त्या उठल्या. १९३५ मध्ये फोर्ड सिटी (तेव्हा तिचं नाव ईस्ट विंडसर झालं होतं), वॉकरव्हिल आणि सँडविच ही गावं विंडसर शहरात विलीन झाली. शेजार मिश्र झाला, आणि मिश्र शेजारात पोरं खेळायची भाषा इंग्रजीच. आज विंडसरमध्ये वलेत, पेलिसिए, मारांतेत ही फ्रेंच नावं रस्त्यांच्या पाट्यांवर आहेत आणि तिथले बहुतेक लोक त्यांचा उच्चार इंग्रजी वळणाने करतात. हा ओघ थोपवणं एका साप्ताहिकाच्या, किंबहुना कोणत्याही एका माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं.

राजकारणातही फळ संमिश्रच. फ्रेंच डॉक्टर दोन्ही पक्षांत असणं एका अर्थी सोयीचं होतं. सत्तेवर कोणीही येवो, आपला माणूस आत. पण निवडणूक आली की फ्रेंच पुढारीच एकमेकांसमोर उभे. १९३५ मध्ये मोराँ यांना पाडलं ते लिबरल पक्षाच्या पॉल मार्टिन यांनी, आणि मार्टिनही फ्रेंच भाषक मुळांचेच. पुढे ते देशाचे आरोग्यमंत्री झाले. त्यांचा मुलगा २००३ मध्ये पंतप्रधान झाला. फ्रेंच आडनावाची माणसं एसेक्समधून वर जात राहिली. शाळेचा प्रश्न तिथेच अडून होता.

डॉक्टरांच्या पश्चात

लाकास १८ जानेवारी १९५३ रोजी वारले, तेव्हाही सिनेटचे सदस्य होते. ‘ला फय देराब्ल’ त्यांच्यामागे काही वर्षं निघत राहिलं. १९६६ मध्ये ‘ल राँपार’ हे दुसरं फ्रेंच पत्र विंडसरमध्ये सुरू झालं, आणि १९७० मध्ये फ्रेंच आकाशवाणी केंद्र. टेकम्सेत लाकास यांच्या नावाचं मैदान आहे, तिथे बेसबॉल खेळतात.

या अभ्यासासाठी सगळ्यांत बोलकी मात्र त्यानंतरची शाळेची कथा आहे. १९६८ मध्ये ओंटारियोने सरकारी खर्चाने फ्रेंच माध्यमिक शाळा काढण्याचा कायदा केला. तोवर प्राथमिक शाळेपुढे फ्रेंच शिकायचं तर खासगी कॉन्व्हेंट किंवा कॉलेज, म्हणजे पैसे असतील त्यांनाच. कायदा झाल्यावर प्रांतात ठिकठिकाणी शाळा निघाल्या. एसेक्समध्ये निघेना. स्थानिक शाळा मंडळ वर्षानुवर्षं टाळत राहिलं. संख्या पुरेशी नाही, खर्च परवडत नाही, आहे त्या शाळेतच एक विभाग काढू, अशी कारणं. नियम १७ च्या वेळी सक्ती प्रांताची होती आणि गावाला ती नको होती. आता प्रांत तयार आणि स्थानिक मंडळ आडवं. शेवटी १९७७ मध्ये प्रांताच्या विधिमंडळाला केवळ या एका शाळेसाठी वेगळा कायदा करावा लागला. १९७९ मध्ये ‘लेसोर’ ही शाळा उघडली, टेकम्सेच्या परिसरातच.

इथे कोणी विचारेल, यात डॉक्टरांच्या साप्ताहिकाचा वाटा किती? सरळ धागा दाखवता येत नाही. पण त्या शाळेसाठी दहा वर्षं मंडळाच्या बैठकांना जाऊन बसणारे पालक कुठून आले, हा प्रश्न उलटा विचारून पाहावा. ते १९३० आणि ४० च्या दशकांत वाढलेले. शाळेत माध्यमिक फ्रेंच त्यांना मिळालं नव्हतं, विंडसरमध्ये फ्रेंच रेडिओ केंद्र नव्हतं. आपण फ्रेंच आहोत आणि तसं चारचौघांत म्हणायला हरकत नाही, हे ज्या मोजक्या जागांतून त्यांच्या कानावर पडलं असेल, त्यांतली एक जागा दर आठवड्याला छापून त्यांच्या दारात येत होती.